वेळूचे बनांतले पांच बार

श्रीदैवतासी नमन. आकाश सर्वांस एक दिलें, भुईची वांटणी मात्र माणसाचे हातीं राहिली, तेथोनच हें दुःख निघालें. शके सतराशें दहा, कीलकनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं, समुद्रापलीकडे एका राज्याचे सरहद्दीस गोऱ्या लोकांची लाकडी गढी होती आणि एझ्रा किंबरो तेथील गढकरी. मुलूख मूळचा क्रीक व चेरोकी या दोन रानवासी जमातींचा. या गोऱ्यांनीं येऊन रान तोडिलें, मका पेरिला आणि म्हणों लागले कीं भुई आमचीच! चोर तो चोर, वर शिरजोर. मग क्रीकांनीं छापा घातला आणि गढकऱ्यांची नऊ वर्षांची लेक रूथ धरून नेली. गढकऱ्यांस अन्न गोड लागेना. तेव्हां कनूना नामें चेरोकी, त्यांचा जुना स्नेही, येऊन बोलिला, "दादा, क्रीकांत माझी सोयरीक आहे. पोर घेऊनच येतों. रडूं नका." आणि तो चार गडी घेऊन गेला. पंधरा दिवस जाहले, खबर नाहीं. मग पत्नी हॅनाबाई म्हणाल्या, "अहो, त्याचा भरवसा कसला? सगळे एकाच माळेचे मणी!" गढकरी जाणत होते कीं क्रीक निराळे, चेरोकी निराळे, परंतु गढीचे लोक बिथरलेले, त्यांचे धाकें हुकूम फर्माविला कीं रानांत बार ऐकतांच तोफ डागावी.

सोळावे दिवशीं दोन प्रहरीं वेळूचे बनांत पांच बार जाहले आणि गोलंदाजानें बत्ती दिली. धूर निवळला तों चौघे गडी बनांत पडलेले, आणि कनूना रक्तानें न्हालेला, रूथीस उचलून दाराशीं आला. पोरीचे अंगांत प्राण नव्हता. गढकरी ओरडले, "अरे मेल्या, बार कां केलेस?" तो म्हणाला, "दादा, आमची रीत. स्नेह्याचे दारीं जाणें तर म्होरक्यानें बंदूक आधीं रिती करावी, म्हणजे त्यास भय नको. मी एकच उडवीत होतों. पोरच म्हणाली, पांचही उडवा, बाबांस ऐकूं जाईल." हाय हाय! गढकऱ्यांनीं कपाळ बडविलें, आणि तितक्यांत बुरुजावरोन कोणी कनूनासही गोळी घातली.

मग राजधानीस लिहिलें गेलें कीं चेरोकींनीं पोर मारिली. फौज आली आणि चेरोकींचीं गांवें उभ्या मक्यासुद्धां जाळिलीं. सरदारांनीं पुसिलें, "गढकरी, ऐसेंच घडलें ना?" गढकऱ्यांनीं होकारार्थी मान डोलाविली.

येणेंप्रमाणें सरहद्दीचें रक्षण जाहलें. गढी शाबूत राहिली.