घागर आणि गोंडा

झुंबरबाईच्या नवऱ्यानं, कारभाऱ्यानं, टेंभुर्णीच्या बाजारात तोंड उघडलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. "आमच्या नाल्याला बिबट्या येतो, सायब. घोड्याएवढा!" असं कारभारी महसूल खात्याच्या गिरदावरसाहेबांना सांगून आला. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी.

चौथ्या दिवशी साहेब बंदूक घेऊन दारात हजर. आमिषाला जनावर पाहिजे म्हणाले आणि बोट दाखवलं ते चंद्री शेळीकडं. "ही बराबर आहे." घरात दुभतं तेवढं एकच. लेकीचं तान्हं चंद्रीच्याच दुधावर जगत होतं.

"त्यानं आमचं काय बिगाडलं न्हाई, सायब," झुंबरबाई म्हणाली. "दिवेलागणीपस्तोर नाला आमचा, मंग त्याचा. आमी घागर ठोकत जातो, आवाज आला की तो उठून जातो. माझ्या सासूपासून चालून राह्यलंय."

"बिबट्याला घागर समजते?" साहेब हसले.

"न समजाया तो काय शिकलेला हाये?"

कारभारी गोठ्यात जाऊन उगाच दावं शोधू लागला.

दिवेलागणीला साहेब नाल्याकाठच्या झाडावर, मचाणावर. खाली खुंट्याला चंद्री. एवढ्यात वाटेवरून आवाज आला, ठण् ठण् ठण्.

"कौन है? बंद करा ते!"

"पाणी भराया आले, सायब."

"आत्ता? ही तर त्याची वेळ आहे!"

"मंग पटलं म्हणायचं तुमाला!"

बिबट्या फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईचं घरातलं पाणी नेमकं त्याच वेळी सांडलं. तिसऱ्या दिवशी तिच्याकडं पाहुणे आले, आणि पाहुणे इतके तहानलेले, की गल्लीतल्या अकरा बाया घागरी बडवत तिच्या मदतीला निघाल्या. साहेब संतापून मचाणावर उभे राहिले. मचाण बांधलं होतं कारभाऱ्यानं. साहेब थेट चिखलात, बंदूक पाण्यात, आणि गोंड्याची रुमी टोपी चंद्रीपुढं. तिनं गोंडा सावकाश चावून खाल्ला.

"लागलं का हो, सायब?" झुंबरबाईनं मायेनं विचारलं. "घागरभर पाणी देऊ?"

चंद्री घरी आली. बिबट्या दिवेलागणीनंतर पूर्वीसारखाच नाल्यावर येतो. साहेबही अधूनमधून दौऱ्यावर येतात, पण गावच्या शिवेवर थांबून आधी कान देतात. घागर वाजली, की घोडं वळवून दुसऱ्या गावाच्या वाटेला लागतात.

बिबट्याला एवढं शिकवायला झुंबरबाईच्या सासूनं बारा वर्षं घागर ठोकली होती. साहेब तीन दिवसांत शिकले. शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी.