मथुरेने आपला पदवीदरबार थांबविला त्याचे वर्तमान

श्रीशारदेस वंदन करून आणि गुरुजनांचे ऋण शिरी धरून लिहिले जाते, जे शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, माघ मासी राज्यात एक प्रसंग घडला, तो यथास्थित ऐसा. कोष्टीपुऱ्यात रावजी दिवटे म्हणोन विणकर होते. त्यांची कन्या मथुरा नवव्या वर्षी विद्यापीठात दाखल जाहली आणि बाराव्या वर्षी तिने आचार्यपदाचा प्रबंध सिद्ध केला. आकाशी तीन गोल एकमेकांस ओढितात त्यांची गति कैसी, हा विषय. आणि पंडिता काशीबाई हर्डीकर मार्गदर्शक. इतक्या कोवळ्या वयात हे पद कोण्या राज्यात कोणास मिळाले नव्हते, म्हणोन महाराज बहुत संतोषले, आणि हत्ती शृंगारावयाची आज्ञा जाहली, आणि परराज्यांस पत्रे गेली, आणि आचार्यांचा झगा मुलीचे मापाने आखूड करविला.

पदवीदरबारास तीन दिवस उरले असता मथुरा सकाळी प्रबंध चाळीत होती, तो एके ठायी नजर थबकली. समीकरणास एका राशीने भागिले होते, आणि ती राशी शून्यही असू शके. मग पुढील सारेच ढासळत होते. परीक्षकांस दिसले नव्हते, पंडिताबाईंसही नाही. बोलावे तर महाराजांची नाचक्की, न बोलावे तर जन्मभर मनास टोचणी. शेवटी मागापाशी येऊन तिने वडिलांस सारे सांगितले. रावजींनी माग थांबविला.

“बाळ, तुझे गणित मला कळत नाही,” ते म्हणाले. “पण धागा चुकलेला दिसला की मी तिथवर उकलतो. गिऱ्हाईक दारात बसले असले तरी उकलतो. चल, मी बरोबर येतो.”

पंडिताबाईंनी ते पान दोनदा वाचिले आणि चष्मा काढून ठेविला. मथुरा बोलणी खावयास तयार होती. बाई म्हणाल्या, “ही चूक तुझ्याइतकीच माझी, पोरी. तुझे वय पाहून मलाच घाई जाहली.”

मग बाई स्वतः महाराजांकडे गेल्या. कारभाऱ्यांनी सुचविले की दरबार होऊ द्यावा, दुरुस्ती मागाहून होईल. बाईंनी सही देणार नाही ऐसे साफ कळविले. महाराज रुष्ट जाहले, परंतु हत्तीची झूल उतरविली.

पुढे बाईंनी मुलीस शिस्त घालून दिली, की तिसऱ्या प्रहरानंतर कागदास हात लावू नये. तेव्हा मथुरा गल्लीतील मुलींसंगे विहिरीत पोहावयास शिकली, आणि तिचे गुडघे प्रथमच फुटले, आणि तिला भूक लागू लागली. मध्यंतरी परराज्यात अकरा वर्षांचा मुलगा आचार्य जाहला. कारभारी हळहळले, मथुरेने त्याचा प्रबंध मागवून आवडीने वाचिला आणि त्यास अभिनंदनाचे पत्र धाडिले.

दोन वर्षांनी तिचे काम पुरे जाहले. सिद्धांत आता तिन्ही गोलांस सरसकट लागू नव्हता, एक गोल अगदी हलका असेल तेव्हाच लागे. परंतु तेवढा पक्का होता. चौदाव्या वर्षी तिने साध्या दरबारात पद स्वीकारिले. प्रबंधाचे आरंभी महाराजांची बिरुदे लिहावयाची रीत आहे, ती तिने पाळिली, आणि खाली आपले अक्षरात लिहिले: “रावजी दिवटे आणि काशीबाई हर्डीकर यांस. यांनी मला थांबू दिले.”

येणेप्रमाणे वर्तमान. राज्याचा विक्रम गेला, मुलगी राहिली. इति.