तिसापर्यंतचे पाढे

हिराजी कंपाउंडर उकळत्या पाण्यात हत्यार टाकलं की पाढे म्हणायला लागायचे. थेट बे एके बे पासून. सुईला विसापर्यंत, चिमट्याला पंचविसापर्यंत आणि गळू फोडायच्या सुरीला तिसापर्यंत. तेवढ्यात सुरीची नसली तरी रोग्याच्या धीराची धार बोथट व्हायची.

१९३०च्या सुमारास डॉक्टरकीची कोरी पदवी घेऊन मी मुंबईहून समुद्रकाठच्या थळ गावच्या दवाखान्यात आलो. जंतुशास्त्र मला पाठ होतं, निदान परीक्षेपुरतं. पहिल्याच दिवशी मी खिशातलं घड्याळ काढलं आणि हिराजींना बजावलं, की यापुढे शास्त्रशुद्ध मिनिटं मोजायची. ते नुसतं "व्हय" म्हणाले. महिन्याभरात खाऱ्या हवेनं घड्याळ बंद पडलं. पाढे चालूच राहिले.

मी कुरकुर केलीच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "घाई मानसाला असते साहेब, जंतूला न्हाय." मासळीच्या पाट्या बाहेर ठेवून आलेल्या कोळणीसुद्धा यावर घासाघीस करत नसत. बाराच्या पाढ्याला मात्र हिराजी उठून उभे राहत आणि आवाज चढवत. गावाला वाटे, मंत्रच आहे. मी निदान केलं होतं, गुडघे आखडत असतील. डॉक्टर ना मी!

मग मलाच गळू झालं, तेही बसायच्या जागी. तीन दिवस मी रोग्यांना उभ्यानं तपासलं आणि ही नवी पद्धत आहे म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मुकाट्यानं टेबलावर पालथा पडलो. हिराजींनी स्टोव्ह पेटवला, पाणी खळखळल्यावर सुरी टाकली आणि सुरुवात केली.

ठणका असा होता, की अकराच्या पाढ्यालाच माझं जंतुशास्त्र आटोपलं. पुरे झालं, सुरी काढा, काय व्हायचं ते होऊ द्या, असं मी अक्षरशः हात जोडून विनवलं.

हिराजी उठून उभे राहिले. सुरी काढली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझी बायको बी असंच म्हनली व्हती," ते म्हणाले. "मांडीला गळू झालं व्हतं. लय कळवळत व्हती, मला बघवंना. अकरावर थांबलो नि सुरी काढली. पाचव्या दिशी गेली."

मी जोडलेले हात सोडून टेबलाची कड धरली.

"तुमी वरडा साहेब. मी आयकायचा न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठणक्यानं आलं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा पाढा पुढे सरकेना, तेव्हा पालथ्यानंच मी सुरू केला. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. हळूहळू त्यांचाही आवाज मिसळला. तीस दाहे तीनशे झाल्यावरच सुरी पाण्याबाहेर आली.