हमीदचाचांची मागची चाकं

हमीदचाचांच्या गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला जिपेचा शाफ्ट अडकवलेला असायचा. भंगारातला नव्हे. त्यांच्याच चालत्या जिपेचा, पुढच्या चाकांना जोर पोचवणारा. तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. कारण काय, तर तत्त्व!

जुन्या विलायती टर्बो स्पोर्ट्स गाड्या चाचांनी फक्त रद्दीतून आणलेल्या मासिकांत पाहिलेल्या. पण इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो तीच खरी गाडी, यावर दिग्रसमध्ये कुणाशीही भांडायला तयार. "चारी चाकांनं ओढाचं, तं डायवर कायले पाह्यजे? बैल बसवा सीटवर!" टर्बोवर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या यंत्रावर, तर त्यांचा जीव. "ॲक्सिलेटर दाबलं का लगेच नाही येत तो. थांबा लागते. दम भरते. अन् मंग मांगून असा धक्का देते, का टोपी मांगंच राहाते!"

मी शेजारच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. ती कापसाच्या पडझडीची वर्षं, काट्यावर मालापेक्षा कबुतरं जास्त बसायची. त्यामुळे दिवसभर चाचांकडे जाऊन चारही चाकांची बाजू घ्यायची आणि त्यांना चिडवायचं, एवढंच काम उरलं होतं. गॅरेजही ओस पडलेलं. लोक म्हणायचे, चाचा, जीप तरी विका.

"विकतो ना. पण घेणाऱ्यानं पह्यले सांगावं, चारी चाकं भारी का मांगची?"

उत्तर चुकलं की सौदा मोडला. बरोबर आलं तरी मोडला. "एवढा समजदार माणूस माही जीप कायले घेईन?"

त्यांचं घर गावाबाहेर, शेतात. पावसाळ्यात त्या वाटेवरच्या काळ्या मातीत जीप हमखास रुतायची. ट्रॅक्टर लावून ओढून काढताना चाचा स्टिअरिंगवर ताठ बसलेले. "हे हारनं नोहे. माती बेइमान हाय."

मग राबियाचाचींना लकवा झाला. त्या सावरल्या, बोलायलाही लागल्या, पण उजवा हात लुळा पडला. व्यायामासाठी दर आठवड्याला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं.

त्या पावसाळ्यात एका सकाळी पाहतो तर गॅरेजच्या दाराला वीट लावलेली.

"चाचा, शाफ्ट कुठे गेला?"

"चोरी गेला," चाचा नजर चुकवत म्हणाले.

मला उकळ्या फुटल्या. शाफ्ट परत जिपेला लागला, चाचा हरले, हे सगळ्या दिग्रसला सांगायचं मी तिथेच ठरवलं. फक्त पुरावा हवा होता. मलाही यवतमाळला जायचंय असं सांगून मी त्यांच्या घरी गेलो आणि जिपेत मागे बसलो.

नेहमीच्या जागी जीप रुतली. चाचांनी क्लच दाबला आणि बाहेरच्या बाभळीकडे तोंड फिरवलं. शेजारी बसलेल्या चाचींनी तो लुळा हात उचलला आणि पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर ठेवला. बोटं घसरली. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. मला बघवेना. मी मागून हात पुढे केला, तोच चाचांनी त्यावर सणसणीत फटका मारला.

"थांब. टर्बो भरून राह्यला."

आम्ही थांबलो. चाचींच्या कपाळावर घाम आला. चाचा बाभळीकडेच बघत होते, पण डोळे भरले होते. आणि एकदाचा खट्ट आवाज झाला, दांडा बसला. जीप चारही पायांवर चिखलातून वर आली. चाची हसल्या. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

"पाह्यलं नं?" चाचा माझ्यावर गुरकावले. "म्या नाही लावले पुढचे चाकं. तिनं लावले. माह्यं म्हननं कायम हाय!"

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कुणीतरी विटेकडे बघून विचारलं, "काहो चाचा, शाफ्ट कुठी गेला?"

चाचा हातात पाना घेऊन जिपेच्या इंजिनात तोंड घालून उभे होते.

"चोरी गेला," मी म्हणालो.