हवेला अहोजाहो करणारे करंदीकर

करंदीकर आम्हा सगळ्यांना अरेतुरे करत. मालकाच्या जावयालासुद्धा. अहोजाहो फक्त हवेला.

शहाडला अत्तराच्या तेलांचा कारखाना होता, तिथल्या लॅबचे ते मुख्य. गवती चहाचं तेल कमी आचेवर उकळावं म्हणून आम्ही पंपाने काचेच्या चंबूतली हवा काढून घेत असू. काम संपलं की ती परत आत सोडायची. करंदीकर काचेची तोटी केसभर फिरवत आणि पुटपुटत, "या. सावकाश या. घाई नाही."

त्यांचा क्रम ठरलेला. "आधी बर्नर बंद. मग गारवा. मग हवा. पंप सगळ्यांत शेवटी." पंप आधी बंद केला तर त्यातलं तेल उलटं चंबूत येतं. गरम चंबूत एकदम हवा घुसली तर काच फुटते, कधी आतली वाफ पेट घेते. याची त्यांना इतकी धास्ती की कल्याण स्टेशनाबाहेर सोडावाल्यालाही म्हणायचे, "थांब, मी पलीकडे जातो. मग फोड."

घरी एकटेच. कोणी विचारलंच तर "ठीक चाललंय" म्हणत आणि तराजू पुसायला घेत.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. माझ्या बायकोला ठाण्याच्या सूतिकागृहात नेलं होतं, अवघडलेली होती. माझा चंबू ऐन रंगात, चटके बसण्याइतका गरम. मी तोटीकडे हात नेला. करंदीकरांनी तो अलगद बाजूला केला आणि बर्नर बंद केला.

"हे गार व्हायला वेळ लागेल. मी बसतो. तू नीघ."

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बाहेर आलो तर बाकावर करंदीकर, अंगाला गवती चहाचा वास.

"चंबू शाबूत आहे," ते म्हणाले. "तुला काळजी असेल म्हणून म्हटलं, सांगून जावं."

चंबू माझ्या डोक्यातही नव्हता.

"केव्हा आलात?"

"हे काय, आत्ताच."

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या. "चला आजोबा, बघा आता नातीला. किती वेळा विचारून गेलात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वडील ना तुमचे? मघाशी विचारलं तर काही बोललेच नाहीत."

करंदीकर भिंतीकडे बघत राहिले.

"हो," मी म्हणालो. "वडीलच."

त्यांनी दाराशी चपला काढल्या, रुमालाने दोन्ही हात पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि आत गेले.