देवरावजींची दसऱ्याची तपासणी

आमच्या गल्लीत दसऱ्याला गाडीची पूजा करायची असेल, तर गाडी आधी पास व्हावी लागते. हार, नारळ, लिंबू सगळं तयार असलं, भटजी स्कूटरवरून उतरून घड्याळाकडे पाहत उभे असले, तरी देवरावजींनी मान हलवल्याशिवाय नारळ फुटत नाही. "नापास गाडी देवापुढं उभी करता? मंग ब्रेक काय तो येऊन दाबन का?" असं ते विचारतात. भटजी पुन्हा घड्याळाकडे पाहतात.

देवरावजी माझे शेजारी. हिंगणघाटात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये या माणसाने उभी हयात गाड्यांखाली आडवं होऊन काढली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात नाहीतर राजकारणाच्या. हे गल्लीच्या मागे लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात एक कुकर, एक खाट आणि दारात एक पांढरी जुनी कार, जिच्या बोनेटमध्ये पाहून तुम्ही भांग पाडू शकता.

समोर माणूस आला की ते आधी त्याच्या टायरकडे पाहतात आणि मग, वेळ उरला तर, तोंडाकडे. माझ्या मेहुणीला पाहायला आमच्याकडे पाहुणे आले होते, तेव्हा हे बाहेर जाऊन त्यांच्या गाडीभोवती फिरून आले आणि माझ्या सासऱ्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "पोरगा ठीक असन. पण मागचे दोन्ही टायर गोटा झाले. ज्याले टायर बदलाचं सुचत नाई, तो बायकोले दवाखान्यात टायमावर नेईन का?" ते लग्न जुळलं नाही. कारण वेगळंच होतं, पण श्रेय देवरावजींनी घेतलं.

गाडीसोबत कंपनीचं जे पुस्तक येतं, त्याच्यावर त्यांचा विशेष राग. इतक्या हजार किलोमीटरला एअर फिल्टर बदला, असं त्यात छापलेलं असतं. "लिहिणारा कधी हिंगणघाटले आलता का? दिवाळीपासून आपल्या इथं हवेत कापूस उडते. कापसाच्या गाड्या, जिनिंग, सारं गाव रुईनं भरते. त्याले काय मालूम?" असं म्हणून एकदा त्यांनी माझ्या गाडीचा फिल्टर काढून झटकला. त्यातून जो कापूस निघाला, त्यात एक उशी सहज भरली असती. मी तसं म्हटलंही, तर म्हणाले, "हसून राह्यला? चार महिने गाडी तोंडावर उशी दाबून पळाली तुयी."

त्यांची एकवीस कलमांची यादी आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेली, वरून प्लॅस्टिक. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, पट्टा, चाकांचे नट असं करत करत ती विसाव्या कलमाला जॅक आणि पान्यापर्यंत येते. या यादीने मला सलग तीन दसरे नापास केलं आहे. पहिल्या वर्षी स्टेपनीत हवा नव्हती. दुसऱ्या वर्षी वायपरचं रबर फाटलेलं निघालं. "पाऊस तं गेला ना देवरावजी," मी म्हटलं. "अवकाळी येते तो तुले विचारून येते का?" तिसऱ्या वर्षी जॅकच सापडेना. तो माझ्या भांड्यांच्या दुकानात एका कललेल्या फळीखाली टेकू म्हणून लागला होता. दुकानात तीन डझन स्टीलच्या डब्यांचा ढीग उतरवून तो जॅक आणावा लागला, तोवर भटजी पुढच्या गल्लीत निघून गेले होते.

एकविसावं कलम म्हणजे चालक. त्यात देवरावजींच्या फाटकात उभं राहून चौकातल्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायची. चष्मा असेल तर चष्मा लावून, पण डोळे बारीक न करता. गाडी कितीही चांगली असो, चालकाला दिसत नसेल तर नापास. इथे कोणाचीही गय नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी नातवंडांसमोर नापास केलं होतं.

त्यांची स्वतःची गाडी पहिली, सकाळी सातलाच, गल्ली अजून दात घासत असताना. पण आपली गाडी आपणच पास करायची नाही, हा त्यांचाच नियम. म्हणून यादी घेऊन मी उभा राहतो, ते काम करतात आणि मी टिक मारतो. हा मान मला का मिळाला, तर मी तीनदा नापास झालो असल्यामुळे मला यादी पाठ आहे.

आता गुरुवारचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सर्व्हिसिंगनंतर ट्रायल घ्यावी लागते, असं म्हणून देवरावजी दर गुरुवारी गाडी काढतात. ट्रायलचा रस्ता एकच, हायवेवरच्या वडनेरचा. तिथे त्यांच्या अक्का राहतात. दहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा देवरावजींना अक्कांनीच वाढवलं. आता त्यांचे गुडघे गेलेत, मुलगा-सून दिवसभर वावरात, आणि त्या ओसरीवरच्या खाटेवर. देवरावजी त्यांना पुढच्या सीटवर बसवतात, पट्टा लावतात आणि नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणतात. आठवड्यातून तेवढंच त्यांचं घराबाहेर पडणं. हे कोणी कौतुकाने बोललं की देवरावजी उखडतात. "अक्काचं काय त्याच्यात? ट्रायलले वजन लागते गाडीत."

तर यंदाचा दसरा. सात वाजता मी यादी घेऊन हजर. वीस कलमं झाली. वीसच्या वीस पास, नेहमीप्रमाणे. मी म्हटलं, "एकवीस."

देवरावजी फाटकात उभे राहिले, छाती पुढे काढून, चौकाकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचू लागले, "न्यू प्रकाश ड्रायक्लिनर्स. येथे साड्यांना रोल प्रेस करून मिळेल. सोमवारी बंद."

एक अक्षर चुकलं नाही. फक्त न्यू प्रकाश ड्रायक्लिनर्स आठ दिवसांपूर्वी उठून गेलं होतं आणि तिथे आता केकचं दुकान होतं. गुलाबी पाटी, हातभर उंचीची अक्षरं. ती मला चष्म्याशिवाय दिसत होती.

तीन वर्षांचा बदला माझ्या हातात आला होता. आयुष्यभर कोणाला नटाच्या आट्याचीही सूट न देणारा माणूस पाटी पाठ करून आला होता. पास म्हणावं, तर गुरुवारी हा हायवेवर. नापास म्हणावं, तर अक्का खाटेवर आणि हा चार भिंतींत. एकविसाव्या कलमापुढे मी फुली मारली. मग म्हटलं, "देवरावजी, गाडी पास. ड्रायव्हर नापास."

त्यांनी मान पुढे काढून चौकाकडे डोळे बारीक केले. मग म्हणाले, "पाटी बदलली का?"

"हो."

"कधी?"

"आठ दिवस झाले."

"कोणी सांगतलं नाई मले." मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या यादीवर ठेवली. "चार महिन्याआधी दाखवलं नागपूरले. एका डोळ्याची नस सुकली म्हणे. दुसराही त्याच रस्त्यानं चालला. म्या इचारलं, बदलता येते का? म्हणे, हा पार्ट भेटत नाई." आणि मला कळायच्या आत ते पलीकडच्या शेजाऱ्यांच्या गाडीचं बोनेट उघडून उभे. "गाडी तपासाले डोळे नाई लागत. कान लागते."

त्या गुरुवारी दुपारी दुकानावर बायकोला बसवून मी त्यांची गाडी काढली. हे शेजारी बसले आणि वडनेरपर्यंत पायाने नसलेला ब्रेक दाबत आले. अक्कांना आम्ही दोघांनी धरून पुढे बसवलं. त्यांनी माझ्या हातातली किल्ली पाहिली. देवरावजी टायरची हवा अंगठ्याने पाहायला मागे गेले, तसा अक्कांनी माझा हात धरला.

"तू आला, लय बरं झालं बाप्पा. चार महिने झाले, मी गाडीत डोळे मिटूनच बसते. त्याच्याआधी एक म्हैस आडवी आलती, त्याले दिसलीच नाई. मी ओरडली तवा ब्रेक मारला."

"मंग बसत काऊन होत्या, अक्का? नाई म्हणाचं."

"नाई म्हटलं असतं तं तो आला असता का?" त्या हळूच म्हणाल्या. "त्याले जायले दुसरं घर कुठं हाय?"

देवरावजी पुढे आले, अक्कांचा पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा आपल्याच गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.

"काय सांगून राह्यली अक्का?"

"काही नाई. गाडी मस्त हाय म्हणते."

"राहीनच. चाल, हळू घेजो."

पुलापर्यंत अक्का डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या होत्या.