घराबाहेर पडण्याची तालीम

संकट कसलंही येऊ दे, आमचं घर तयार आहे, असं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही छातीठोकपणे सांगत होतो. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तिथं चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा हलत नाही. आणि माझ्याच घरात जन्मदाखले स्वयंपाकघराच्या फळीवर आणि विम्याचे कागद गादीखाली? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

मी पाठीवर घेता येईल अशी मोठी पिशवी आणली. घराचे कागद, दाखले, बाबांच्या औषधांची यादी, पंधरा दिवसांच्या गोळ्या, टॉर्च, जादा चष्मे. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पाकिटात आणि पाकिटावर नंबर.

"आता आमच्या कपाळावर नंबर टाकायचे तेवढे राहिलेत," बायको म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. नुसती पिशवी भरून भागत नाही, म्हणून कामंही वाटून दिली. बायकोनं गॅस आणि मेन स्विच बंद करायचा, मुलीनं दाराला कुलूप लावून किल्ली घ्यायची, पिशवी माझ्याकडे. दर रविवारी तालीम. तिसऱ्या मजल्यावरून थेट खालच्या फाटकापर्यंत.

वेळ मोजायचं काम बाबांचं. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, कानाला मशीन लागतं. ते खिडकीजवळ खुर्चीत घड्याळ घेऊन बसायचे आणि आम्ही फाटकाशी पोचलो की वरून आकडा सांगायचे. पहिल्या रविवारी म्हणाले, "अरे, मला आत कोंडून चाललात की काय?" आम्ही खूप हसलो. त्यांना आपण काहीतरी काम दिलं, याचंच मला केवढं कौतुक!

आणि एका दुपारी जिन्यातली धोक्याची घंटा खरोखर वाजली. दार उघडलं तर खालून धूर.

त्या दिवशी आमचं कुटुंब पाहण्यासारखं होतं. कुणी किंचाळलं नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. गॅस बंद, स्विच बंद, कुलूप, किल्ली, पिशवी. शेजारी एका पायात चप्पल घालून पळत होते आणि आम्ही रांगेत उतरत होतो. फाटकाशी पोचल्यावर मला भरून आलं. आजचा आकडा नक्की विक्रमी असणार, म्हणून मी सवयीनं वर पाहिलं.

"बाबा, किती झाले?"

खिडकीत कुणी नव्हतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे, मुलीनं हातातल्या किल्लीकडे. दुपारी बाबा कानातलं मशीन काढून झोपतात. ती घंटा त्यांना ऐकूच गेली नसणार. आणि बाहेरून कुलूप आम्हीच घातलं होतं, अगदी ठरल्याप्रमाणे.

मी किल्ली हिसकावली आणि जिन्याकडे धावलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच उभ्या होत्या. "अहो, काही नाही हो, दूध गॅसवर विसरले, पातेलं जळलं," त्या सांगत होत्या. ते कानात शिरलं, डोक्यात शिरलं नाही. कुलपात किल्ली जाईना. ती दोनदा खाली पडली.

बाबा झोपलेले नव्हते. आतल्या खोलीत, ज्या गुडघ्यांवर त्यांना देवाला नमस्कारही करता येत नाही, त्याच गुडघ्यांवर बसून ते पलंगाखाली वाकून बघत होते. मी खांद्याला हात लावला तसे दचकून वळले.

"कुठं होतास तू? धुराचा वास आला म्हणून उठलो, तर घरात कुणीच नाही. सगळ्या खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं. म्हटलं पोरगी घाबरून इथं लपली की काय. ती कुठंय?"

"खाली आहे."

मशीन नसल्यानं त्यांना ऐकू आलं नाही. मी बोटानं खाली खूण केली.

"आणि सूनबाई?"

मी पुन्हा खूण केली. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"मग झालं तर. चल, आता आपणही निघू."

जिना उतरताना आम्ही एकमेकांचा हात धरला होता. खाली जमलेल्या शेजाऱ्यांना वाटलं, मुलगा म्हाताऱ्या वडलांना किती जपून उतरवतोय. खरं म्हणजे माझेच पाय लटपटत होते आणि प्रत्येक पायरीवर बाबा मला सांगत होते, "सावकाश, घाई नाही."